दोष दिव्याचाच

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बघू?

कोणी म्हणेल, जुन्या माणसावर. कोणी म्हणेल, ज्याच्याबद्दल दुसरा ग्वाही देतो त्याच्यावर. उत्तर बरं आहे, पण त्यात एक गोम आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जत्रेत कलिंगड घ्यायला गेले. दोन कलिंगडवाले शेजारी शेजारी बसलेले. पहिल्याला विचारलं, गोड आहे का? तो म्हणाला, माझं मी कशाला सांगू, शेजाऱ्याला विचारा. शेजारी म्हणाला, साखर आहे, हा माणूस खोटं बोलायचा नाही. गृहस्थ हुशार. त्यांनी विचारलं, आणि तू खरं बोलतोस हे कोण सांगेल? त्यानं पहिल्याकडे बोट केलं. पहिल्यानं मान डोलावली. गृहस्थांची खात्री पटली. घरी नेऊन कापलं, तर आत पांढरंफटक.

कलिंगडाचं एक बरं असतं, पांढरं निघालं तर म्हशीला घालता येतं. पण जिथे माणसाचा जीव टांगलेला असतो तिथे काय करायचं? त्यासाठी ही गोष्ट. मुलांना सांगा, आणि सांगता सांगता स्वतःही ऐका.

फार जुन्या काळी नदीकाठी एक पेठ होती. त्या पेठेत हळदीशिवाय बोलणं नव्हतं. नुसतं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं तरी धोतराची किनार पिवळी व्हायची. हळद ठेवायला तिथे पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. त्याचं तोंड रांजणासारखं अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट मात्र खोलीएवढं. आत हळद भरायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि वरून चिखलमातीनं लिंपून टाकायचं. माल महिनोन्महिने तसाच राहायचा, कीड शिवायची नाही.

पण बंद पेवाच्या पोटात हवा कोंडते आणि कधी कधी विषारी होते. तिला रंग नसतो, पुष्कळदा वासही नसतो. माणूस हसत हसत उतरतो आणि हाक मारायच्या आत पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून त्या पेठेनं एक रिवाज घालून घेतला होता. शिळा काढली की पेव थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग शिंक्यात तेलाचा दिवा ठेवून दोरीनं खाली सोडायचा. दिवा जळत वर आला तर माणसानं उतरायचं. विझून आला तर थांबायचं.

दुसराही एक रिवाज होता. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, काठावरच्या खुंटाला त्याचा एक वेढा द्यायचा आणि टोक उतरणाऱ्याच्या घरच्या माणसाच्या हाती द्यायचं. परका माणूस दोर धरून गप्पा मारील, तंबाखू मळील, घरच्याचं लक्ष हलणार नाही, असा जुन्यांचा विचार. घरच्या माणसानं दोर सैल केल्याशिवाय कोणी खाली जात नसे. मात्र उगाचच कोणी दोर अडवला, तर त्या घराला हंगामभर पेवाचं काम मिळत नसे. म्हणून दोर अडवायचं धाडस सहसा कोणी करत नसे.

त्या पेठेत अण्णाशेट नावाचे एक व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तोलात दगा नाही, बोलण्यात गोडवा, दारात आलेल्याला ताक दिल्याशिवाय जाऊ देत नसत. त्यांचा अभिमान एकच होता, त्यांचं पेव. वाडवडिलांनी उंचवट्यावर खणलेलं, मुरमाड जमिनीतलं. त्यात वाईट हवा धरतच नाही, अशी त्याची ख्याती. ख्याती कोणी केली म्हणाल, तर त्यांच्या दिवाणजींनी. दिवाणजी दुकानाचं लिहिणं-वाचणं बघत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पेवाचं निर्मळपण सांगत. ऐकून ऐकून अण्णाशेटनाही ते पाठ झालं होतं. मग पेठेला झालं. शेवटी आपण ही गोष्ट पहिल्यांदा कोणाकडून ऐकली, हेसुद्धा कोणाला आठवेना.

त्या वर्षी पावसाळा दांडगा झाला. नदी कधी नव्हे ती उंचवट्याच्या पायथ्याला येऊन गेली. पाणी ओसरलं, लोक विसरले.

हंगामात परगावचा एक व्यापारी गाड्या घेऊन आला. त्यानं अण्णाशेटच्या मालाचा नमुना आधीच पाहिला होता, बोलणं झालं होतं. घाट उतरायचा तर गाड्या दुपारच्या आत निघायला हव्या होत्या, आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. बैल जुंपलेले, गाडीवान आभाळाकडे बघत उभे. माल आज निघाला नाही तर व्यापारी शेजारच्या पेवाकडे वळेल आणि अण्णाशेटच्या पेवाबद्दल लोक बोलू लागतील, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यामुळे सगळेच घाईत होते, आणि घाईत आहोत असं दाखवत मात्र कोणीच नव्हतं.

पेवात उतरायचं होतं धुळाप्पाला. वर्षानुवर्षं अण्णाशेटचं पेव तोच काढत आला होता. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि मालकाच्या शब्दापुढे त्याला दुसरं काही दिसत नसे. दोर धरायला त्याची बायको काशव्वा आली होती. एरवी तिचा दीर दोर धरायचा. या खेपेला तो लेकीच्या सासरी गेला होता. काशव्वानं पेवाचं काम यापूर्वी लांबूनच पाहिलेलं. काठावर बसल्यापासून ती दोर पुन्हा पुन्हा चाचपत होती, पण चेहरा तिनं कोरा ठेवला होता.

शिळा काढली. थोडा वेळ पेव उघडं ठेवलं. मग दिवाणजींनी स्वतः दिवा शिंक्यात ठेवला आणि खाली सोडला. सगळे वाकून बघत होते. ज्योत पेवाच्या तोंडाखाली गेली, बारीक झाली, निळसर झाली आणि गेली.

दिवाणजी म्हणाले, वात ओली असणार. वात बदलली. दिवा पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच विझला. दिवाणजी म्हणाले, वारं लागलं. काठाला घोंगडी धरून आडोसा केला आणि तिसऱ्यांदा सोडला. आडोशातही ज्योत त्याच जागी विझली. कोणी तरी खाकरलं. गाडीवानांपैकी एकानं दुसऱ्याकडे बघितलं.

"तेलात खोट आहे," दिवाणजींनी जाहीर केलं.

परगावचा व्यापारी पुढे आला. घाई त्यालाच सगळ्यात जास्त होती. तरी त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "कशावरून?"

"दिवा विझला की तुमच्या डोळ्यांदेखत."

"पेवात वाईट हवा असली तरी दिवा विझतोच ना. त्यासाठीच तर सोडतात."

"इतरांच्या पेवात विझत असेल. आमच्या पेवात वाईट हवा धरत नाही."

"हे कशावरून म्हणता?"

"अहो, आजवर कितीदा तरी दिवा विझला. दर वेळी खोट दिव्यातच निघाली. कधी वात, कधी तेल, कधी शिंकं हललं."

"आणि खोट दिव्यातच होती, हे कसं ठरवलंत?"

दिवाणजींनी त्याच्याकडे जरा कीव करून पाहिलं. "पाहुणे, निर्मळ पेवात दिवा विझला तर दोष दिव्याचाच असणार. दुसऱ्या कशाचा असेल?"

हसू नका. ऐकताना असं बोलणं फार पक्कं वाटतं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, कुठे अडखळणं नाही. पण नीट बघा. दिवा वाईट का, तर पेव चांगलं म्हणून. पेव चांगलं का, तर दिवे वाईट निघतात म्हणून. निघाले तिथेच परत आले, आणि मधल्या वाटेत पेवाच्या पोटात डोकावलं कोणीच नाही. अशा बोलण्याला हरवता येत नाही, कारण हरवणारा प्रत्येक पुरावा ते आधीच आपल्या बाजूनं धरून ठेवतं. दिवा जळला तर पेव निर्मळ. दिवा विझला तर दिवा वाईट, आणि पेव निर्मळच.

मग आजवर कोणाला काही झालं कसं नाही, असं विचाराल. त्याचं कारण साधं होतं. दर वेळी नवी वात वळायला, नवं तेल बाजारातून आणायला वेळ जायचा. तेवढ्यात उघड्या पेवातली हवा पालटायची. दिवा जळायचा आणि श्रेय नव्या वातीला मिळायचं. या वर्षी मात्र गाड्या जुंपलेल्या होत्या. नवी वात शेजारच्या दुकानातून हातोहात आली, आणि नवं तेल येईपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हतं.

व्यापाऱ्यानं अण्णाशेटकडे पाहिलं. अण्णाशेटच्या कपाळावर बारीक घाम होता, पण आवाज नेहमीसारखाच गोड होता. "पाहुणे, दिव्याचं सोडा. हा धुळाप्पा पेवातला मुरलेला माणूस. आत काही कमीजास्त असतं, तर हा उतरायला तयार झाला असता का?"

हे काशव्वानं ऐकलं. काठावरच बसली होती ती.

तिनं नवऱ्याला हळूच म्हटलं, की आज राहू द्या, मला बरं वाटत नाही. धुळाप्पा कमरेचा दोर आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "येडी हाईस का? मालकांचं पेव हाय. आत वाईट असतं तर मालक मला उतर म्हणाले असते का?"

आता एकाच माणसानं ही दोन्ही वाक्यं ऐकली होती, ती काशव्वा. अण्णाशेटना धुळाप्पा काय म्हणाला ते ठाऊक नव्हतं. धुळाप्पाला अण्णाशेट काय म्हणाले ते ठाऊक नव्हतं. दोघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त. 

"अवो," ती म्हणाली, "मालक म्हणत्यात, तुमी उतरताय म्हणून पेव चांगलं. तुमी म्हणताय, मालक उतरवत्यात म्हणून पेव चांगलं. मग पेव बघितलं कुणी?"

"गप. लोक ऐकत्यात," धुळाप्पा म्हणाला.

लोक ऐकतच होते. एक हमाल म्हणाला, धुळाप्पाला दोरानं कशाला बांधलं, पदरालाच गाठ मारायची. दुसरा म्हणाला, अशानं पेवाचं काम बायकांनाच विचारून ठरवावं लागेल. हशा झाला. धुळाप्पाचे कान तापले. तो काठावर बसला, पाय आत सोडले आणि दोराची शिडी पायानं चाचपू लागला. दिवाणजी म्हणाले, बाई, दोर सैल करा, आभाळ बघताय ना.

तिच्या हातात दोर होता, आणि दोराच्या टोकाला तिचं घर. सैल केला तर नवरा खाली जाणार. अडवला आणि पेव खरंच चांगलं निघालं, तर हंगामभर चूल कशी पेटायची? वरून आयुष्यभर धुळाप्पा म्हणणार, चारचौघांत माझं नाक कापलंस. तिला पेवातलं काही कळत नव्हतं. दिवाणजी शिकलेले, मालक मोठे, नवरा मुरलेला. आपण कोण? ती डगमगली आणि तिनं दोर सोडला, थोडासाच.

धुळाप्पा कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. मग डोकं दिसेनासं झालं. पेवाच्या अरुंद गळ्यातून त्याचा आवाज आला, "सोड."

तिनं हातभर सोडला.

"सोड," पुन्हा आवाज आला. या वेळी जरा जड, झोपेतल्या माणसासारखा.

काशव्वानं दोर खुंटाला घट्ट आवळला. दिवाणजी म्हणाले, अहो, सोडा म्हणतोय तो. अण्णाशेट म्हणाले, काशव्वा, बाई, असं अर्ध्यात टांगून ठेवू नये. मागून कोणी तरी टाळी वाजवली. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. ती खालचा आवाज ऐकत होती, आणि खालून तिसऱ्यांदा आवाज आलाच नाही. दोराला एकदम ओझं आलं, पोतं टांगावं तसं.

ती ओरडली नाही. दोर अंगाशी घेऊन मागे रेटत गेली. परगावच्या व्यापाऱ्यानं अंगावरचं उपरणं फेकलं आणि तिच्यामागे दोराला हात घातला. ते बघून हमाल धावले, मघाशी हसणारेही. धुळाप्पा पेवाच्या तोंडाशी आला तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली होती आणि ओठ काळपट पडले होते. त्याला वाऱ्यावर उताणा निजवला, तोंडावर पाणी मारलं. काशव्वा त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. छाती हलत नाही, असं तिला वाटलं. मग हलली. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो उठून बसू लागला.

आणि पहिलं काय बोलला असेल? "काय न्हाई मालक, जरा गरगरलं. सकाळधरनं पोटात काय न्हाई. परत उतरतो."

दिवाणजींना हायसं वाटलं. ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की बघा, उपाशीपोटी उतरला. चांगल्या पेवात माणसाला चक्कर आली, तर दोष माणसाच्या तब्येतीचाच. याला बसू दे, खाऊ दे. तोवर दुसरा कोणी उतरा, जेवलेला बघून.

हमालांमध्ये चुळबुळ झाली. एकमेकांना जेवलास का, असं विचारू लागले. खरं सांगतो, एकजण पुढेही झाला.

काशव्वा उठली. दोर अजून तिच्या मुठीतच होता. ती दिवाणजींशी बोलली नाही, सरळ अण्णाशेटपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, वात बदलली. तेल बदलाय निघालात. आता माणूस बदलताय. पेवाला कधी नावं ठेवणार?"

कोणी हसलं नाही. आभाळात कुठे तरी गडगडलं.

 पुढे झालेल्या त्या जेवलेल्या हमालाकडे अण्णाशेटनी पाहिलं, आणि त्यांची नजर तिथेच खिळली. दिव्याच्या जागी माणूस ठेवून ते तोच विचार पुन्हा करायला निघाले होते. हा पडला असता तर तिसरा, तिसरा पडला असता तर चौथा, आणि प्रत्येकाच्या तब्येतीत काही ना काही खोट निघालीच असती. पेव मात्र शेवटपर्यंत निर्मळच राहिलं असतं.

व्यापारी म्हणाला, "शेटजी, घाई माझी आहे, म्हणून मीच सांगतो. माल उद्या निघाला तरी चालेल. पण आता वाद नको. दिव्याबद्दल आपल्याला पेवाला विचारून चालायचं नाही, आणि पेवाबद्दल दिवाणजींना विचारून चालायचं नाही. तिसऱ्या जागी विचारू."

त्यानं तोच दिवा, त्याच तेलाचा, त्याच वातीचा, पेटवला आणि शेजारच्या पेवाकडे नेला. ते पेव बरेच दिवस उघडं होतं, माणसं त्यातून चढउतार करत होती. सगळी गर्दी मागून गेली. अण्णाशेटही गेले. दिवा शिंक्यातून खाली सोडला. ज्योत तळापर्यंत गेली, वर आली, आणि जशी गेली तशीच आली.

दिवाणजींना याचंही उत्तर सुचलंच. "त्या पेवात काय, कुठलाही दिवा जळेल. तिथे वाईट हवाच नाही."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. आपण काय बोललो ते दिवाणजींनाही जरा उशिरा कळलं. ते उपरण्यानं कपाळ पुसू लागले.

अण्णाशेटनी दिवा स्वतःच्या हातात घेतला. आपल्या पेवापाशी आले, खाली बसले आणि स्वतः सोडला. ज्योत पेवाच्या तोंडाखाली गेली, बारीक झाली, निळसर झाली. ती विझेपर्यंत ते बघत होते. मग उभे राहिले आणि म्हणाले, "आज माझ्या पेवात कोणी उतरायचं नाही."

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते व्यापार करणाऱ्यालाच कळेल. परगावच्या माणसासमोर, सगळ्या पेठेदेखत, आपल्या मालाच्या घराला आपणच नाव ठेवायचं. पण बोलले खरे.

त्या दिवशी गाड्या सुटल्या नाहीत. पाऊस आला, तेव्हा पेवाच्या तोंडावर उंच मांडव घातला, म्हणजे पाणी आत जाऊ नये आणि वारा मात्र लागावा. ओली घोंगडी दोरीला बांधून आत-बाहेर हलवत राहिले. मध्ये मध्ये दिवा सोडत. तो विझत राहिला. दिवाणजींनी एकदाही वातीचं नाव काढलं नाही. पुढे केव्हा तरी दिवा जळत वर आला. पुन्हा सोडला, पुन्हा जळत आला. मग धुळाप्पा पोटभर जेवून उतरला. काशव्वानं दोर सैल केला, पण बोटांचा पीळ काही सैल होईना. तो खालून सारखा बोलत राहील असं तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्या अबोल माणसाला बोलायला काही सुचेना, म्हणून तो सासूबद्दल बोलत बसला. वर काठावर लोक हसून लोळले. काशव्वा हसली नाही. आवाज येतोय, एवढंच ती ऐकत होती.

माल काढत काढत तळाशी पोचल्यावर खरं काय ते समजलं. पुराचं पाणी पायथ्यातून झिरपून एका कोपऱ्यात आलं होतं. तिथली हळद कुजून काळी पडली होती. तिनंच पेवाची सगळी हवा नासवली होती. बाकीचा माल चांगला निघाला. व्यापाऱ्यानं तो नेला. पेवाबद्दल बाहेर काय सांगू, असं त्यानं जाताना विचारलं. अण्णाशेट म्हणाले, पाहिलं तेच सांगा.

पेठेनं त्यानंतर रिवाजात एक भर घातली. दिवा बंद पेवात सोडायच्या आधी तो उघड्या, चालत्या पेवात सगळ्यांसमोर सोडून बघायचा. तिथे जळाला की दिव्याची परीक्षा संपली, त्यानंतर त्याला दोष द्यायचा नाही. मग तो आपल्या पेवात विझला, तर जो काही दोष असेल तो पेवाचा. आधी ठरवायचं, मग बघायचं. बघून झाल्यावर सोयीनं ठरवायचं नाही. धुळाप्पाच्या घराचं काम कोणी तोडलं नाही. उलट ज्याला त्याला दोर धरायला काशव्वाच हवीशी झाली. तिनं साफ सांगितलं, की रिवाज घरच्या माणसाचा आहे, ज्यानं त्यानं आपापलं माणूस आणावं. दिवाणजी मात्र पुढे नव्या पाहुण्यांना अभिमानानं सांगत, की आमच्या दिव्यात खोट कधीच नव्हती, मी पहिल्यापासून म्हणत होतो.

आता यातून घ्यायचं ते घ्या. तात्पर्य असं, की जी गोष्ट खरी आहे का ते बघायचंय, तिलाच साक्षीदार करून उभं करू नये. तिनं आपली ग्वाही आपणच दिली, किंवा दोघांनी एकमेकांची दिली, तर ती ग्वाही नव्हे. आणि जे बोलणं दिवा जळला तरी खरं आणि विझला तरी खरं असं म्हणतं, त्याच्या भरवशावर माणूस खाली सोडू नये.

जाता जाता माझं एक मागणं आहे, व्यापाराच्या भाषेतलं आहे म्हणून टाळू नका. तुम्ही हिशेब लिहाल, वहीतला लिहाल किंवा मनातला लिहाल. जे अजून हाती आलेलं नाही, ते आलंच असं धरून जमेला लिहू नका. मग दिवाणजींसारखं त्याच जमेवर बोट ठेवून ‘आलंच की’ म्हणून सांगू नका. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत तर मुळीच नको. बेरीज कमी आली तर कमी लिहा. पण बाबांनो, हिशेब खरा ठेवा.